मागच्या बाकावरून पवनी

तुळशीराम डोंगरेंच्या सुमोत एकच खोट होती. सात वर्षांत ती एकदाही बंद पडली नव्हती.

एखाद्या दिवशी ती राजनांदगावच्या पुढं, भर उन्हात, बॉनेट उघडून उभी राहिली असती तर लोक जरा बिचकले असते. कोणी म्हणालं असतं, नको बुवा डोंगरेंची गाडी, आपली बस बरी. पण गाडी मालकासारखीच होती, कोणालाही नाही म्हणायची नाही. तुळशीराम रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर हाती आलेल्या पैशातून त्यांनी गाडी घेतली, आणि त्या दिवसापासून रायपुरात बीरगावजवळच्या त्यांच्या मोहल्ल्यातली पंचवीस घरं गाडीवाली झाली. कोणाचं बाळंतपण, कोणाची हाडं मोडलेली, कोणाचा जावई स्टेशनवरून आणायचा. आणि दरवर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर. तेव्हा तर गाडीत अकरा माणसं, आणि बारावं कोणी आलंच तर तेही.

बसायची पद्धत ठरलेली होती. ड्रायव्हरच्या शेजारी वयानं सगळ्यांत मोठा माणूस. तो मान नत्थूमामांचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नत्थूमामा उजवा गुडघा वाकत नाही असं सांगायचे. पंगतीला मांडी घालताना मात्र तो वाकायचा. मधल्या सीटवर बाकीचे कर्ते लोक. मागं, समोरासमोरच्या दोन बाकांवर, बाया आणि पोरं. आणि सगळे बसून झाले की उरलेल्या जागेत, अगदी दाराला टेकून, मालकीणबाई. म्हणजे कलावती. घरची बाई शेवटी जेवते तशी ती शेवटी बसायची, पायांत पुऱ्यांचा डबा धरून.

त्यामुळं रायपूर ते नागपूर हा रस्ता कलावतीला तोंडपाठ होता, पण उलटा. सगळ्या जगाला रस्ता समोरून येताना दिसतो, तिला तो जाताना दिसायचा. देवरीचा घाट चढून गेल्यावर तिला कळायचं की घाट लागला होता. ढाबा मागं पडल्यावर ती म्हणायची, "ढाबा होता जी." तोवर पुढचे लोक दुसऱ्या ढाब्याच्या गोष्टी करत असायचे.

याचं तिला एरवी काही वाटलं नसतं. पण भंडाऱ्याजवळ एक फाटा आहे, तिथून पवनीचा रस्ता वळतो, आणि पवनीला तिची मोठी बहीण रमा राहते. फाट्यावर पाटी आहे. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी विहारातल्या प्रौढांच्या वर्गात कलावती वाचायला शिकली, आणि तेव्हापासून तिला दिसेल ते वाचायची खोड लागली. रायपूर राजधानी झालं तशा शहरात रोज नव्या पाट्या लागत होत्या. आयोग, मंडळ, संचालनालय. आत काय चालतं ते तिला ठाऊक नव्हतं, पण बाजाराला जाता-येता तिनं त्या सगळ्या वाचल्या होत्या. पवनीची पाटी तेवढी राहिली होती. मागच्या काचेतून तिला दिसायची ती पाटीची पाठ; परतताना तोंड दिसलं असतं, पण तेव्हा तिथं रात्र झालेली असायची. नुसता गंजका पत्रा आणि दोन बोल्ट.

सात दसरे ती गाडी त्या फाट्यावरून गेली. एकदाही वळली नाही. अकरा माणसांची घाई असते, एकीच्या बहिणीसाठी कोण वळणार?

यंदा भादव्यात पवनीहून फोन आला. रमाच्या शेजारणीनं केला होता. रमाच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही. रमानं निरोप दिला होता, 'तोंड दिसते तवापर्यंत येऊन जा.'

कलावतीनं भाकरी टाकता टाकता हे नवऱ्याला सांगितलं.

"जाऊ न," तुळशीराम म्हणाले. "दसऱ्याले जाऊनच राहिलो न आपण."

"दसऱ्याले तुम्ही फाट्यावर वळता का?"

तुळशीरामांनी भाकरीचा पापुद्रा काढला, वाफ बघितली.

"मी रेल्वेनंच जातो," कलावती म्हणाली. "पास हाय आपल्याजवळ."

"दारात एवढी गाडी उभी असून मालकीण रेल्वेनं गेली? लोकं काय म्हणतील?"

"मंग गाडीनं न्या. दोघंच जाऊ."

"दोघंच?" तुळशीरामांनी मान हलवली. "गाडी नागपूरच्या बाजूनं निघाली म्हटलं का दहा जण थैली घेऊन उभे. कोणाले नाही म्हणू मी?"

नाही म्हणणं हे काम तुळशीरामांना येत नव्हतं. कारखान्यात ते शिकवलं गेलं नव्हतं. मात्र भार वाढला तर काय करायचं ते त्यांना शिकवलं होतं. माणसं बदलत नाहीत, वॅगन बदलायची. तीन दिवस त्यांनी डोकं चालवलं, आणि चौथ्या दिवशी त्यांना तोड सापडली.

ती सापडली पंडरीत, कापड बाजारामागच्या गॅरेजात. तिथं श्रीपाद देशकर आपली पांढरी अँबेसिडर धुऊन घेत उभे होते. देशकर पुरानी बस्तीत राहायचे, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. राजधानी झाल्यावर साहेबलोकांना नव्या गाड्या मिळाल्या आणि जुन्या लिलावात निघाल्या, त्यांतली ही एक. पंधरा वर्षांची होती, पण इंजिन ठणठणीत. सीटच्या पाठीवर साहेबाच्या वेळचे पांढरे टॉवेल अजून होते; देशकर दर सोमवारी ते धुऊन परत लावायचे. देशकरांचं दुःख वेगळंच होतं. मुलगी पुण्याला, घरात नवरा-बायको दोघं. गाडी दारात असून कोणी चढायला येत नव्हतं. साहेबाच्या गाडीत बसायला लोक संकोचतात, अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांना मोठी गाडी हवी होती, भरलेली.

तुळशीरामांना रिकामी हवी होती. दोघांचं पंधरा मिनिटांत जमलं. आठ दिवस गाड्या बदलून पाहायच्या, पटलं तर कायमच्या. कोणी कोणाला वरून काही द्यायचं नाही.

"पण हिला मागायला येतात का लोकं?" तुळशीरामांनी पुन्हा विचारून घेतलं.

"छे हो! फार तर लग्नात नवरदेवासाठी मागतील. आणि आता भाद्रपद आहे, पुढं पितृपक्ष. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कोणाच्या घरी कार्य आहे? तोवर हिच्याकडं कोणी ढुंकूनही पाहणार नाही."

तुळशीरामांनी मान डोलावली. माणूस शिकलेला होता, सरकारी नोकरीतला होता, पटण्यासारखं बोलत होता.

त्या संध्याकाळी भिलाईहून मुलाचा, यशदीपचा फोन आला. त्याला मराठी सगळी समजायची, बोलायचा मात्र हिंदीत.

"पापा, दुनिया पुरानी कार बेचके एसयूवी ले रही है, और आप उल्टा कर रहे हो?"

"त्या गाडीत चारच माणसं बसतात, बेटा."

"तो?"

"तेच तं."

मग यशदीप म्हणाला, "मम्मी को फोन दो."

कलावतीनं फोन घेतला आणि पोराला सांगितलं, "राहू दे. तुझे बाबा माह्यासाठी करून राहिले." हे तिनं अभिमानानं सांगितलं. येत्या रविवारी दोघंच निघायचं ठरलं होतं. पाटी दिसली की मोठ्यांदा वाचून दाखवायची, असं तिनं मनात ठरवलं होतं.

मंगळवारी पांढरी गाडी मोहल्ल्यात आली. सुमो आली तेव्हा लोक आत शिरून बसले होते. हिच्याभोवती ते हात मागं बांधून उभे राहिले. देशकरांचं खरंच होतं म्हणायचं. नत्थूमामांनी काठीनं चाक ठोकून पाहिलं.

"चारच बसतात म्हणते?" त्यांनी विचारलं.

"हव मामा. चारच," तुळशीराम शक्य तितक्या दुःखानं म्हणाले.

"मंग माहं काय अडलं? सामोरची सीट तं हायेच."

तेवढ्यात लहानू रंगारी गर्दीतून पुढं आला. लहानू तीन घरं सोडून राहायचा. त्यानं टॉवेलावरून हात फिरवला, दोन पावलं मागं सरकून गाडी लांबून बघितली, आणि त्याचे डोळे भरून आले.

"जय भीम काका. तुम्ही माह्या पोराच्या लग्नासाठी गाडी बदलवली, अन् मले सांगितलं बी नाही?"

तुळशीरामांनी कलावतीकडं पाहिलं. कलावतीनं आभाळाकडं पाहिलं.

देशकरांची काहीच चूक नव्हती. त्यांच्या घरात पितृपक्षात कार्य होत नाही. पण या मोहल्ल्यात मुहूर्त कोण पाहतो? अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी नागपूरला बाबासाहेबांसमोर हात जोडले, तेव्हाच ते पंचांग सुटलं. उलट लोक मुद्दाम हेच पंधरा दिवस धरायचे, कारण बाकीच्यांची लग्नं बंद, आणि मागाल तो हॉल मोकळा. हे तुळशीरामांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? स्वतः त्यांचंच लग्न पितृपक्षात लागलं होतं. पण गाडी पाहताना माणूस इंजिन पाहतो, टायर पाहतो, कॅलेंडर पाहत नाही.

लहानूच्या पोराचं लग्न रविवारी होतं. पुढच्या रविवारी आणखी एक होतं, त्याच्या पुढच्या रविवारी दोन. बुधवार संपेपर्यंत दसऱ्यापर्यंतचे सगळे रविवार लागले. सुमोला मागायला लोक येत, तेव्हा निदान आजारी पडून येत. आता ते नटून येऊ लागले.

"रविवारी पवनीले जायचं होतं," कलावती म्हणाली.

"नवरदेवाले नाही कसं म्हणू? तूच सांग."

ती काय सांगणार? नवरदेवाला नाही म्हणता येत नाही, आजाऱ्याला नाही म्हणता येत नाही, नत्थूमामांना नाही म्हणता येत नाही. एका माणसाला तेवढं म्हणता येत होतं, ते घरातच होतं. आणि त्यालाही कधी तोंडानं नाही म्हटलेलं नव्हतं. फक्त शेवटी बसवलेलं होतं.

शनिवारी सकाळी देशकर सुमो घेऊन दारात आले. जॅकचा दांडा कुठं ठेवतात ते विचारायचं होतं. गाडीला चिखल लागला होता, मागच्या काचेवर लहान पोरांच्या हातांचे ठसे होते. देशकरांचा चेहरा चार दिवसांत दहा वर्षांनी लहान झाला होता.

"काय सांगू डोंगरे! गुरुवारी अख्खी गल्ली राजिमला देवदर्शनाला नेली. काल एकाला दवाखान्यात. शेजारी राहतो तो माणूस, बारा वर्षांत माझ्याशी बोलला नव्हता. काल 'काका' म्हणाला!" मग आवाज उतरवून म्हणाले, "उद्या सकाळी नागपूर. सासऱ्यांचं श्राद्ध आहे सोमवारी. बायकोची माणसं भरली आहेत. एकच जागा उरली आहे, तीही कोणी मागेल म्हणा."

तुळशीराम दांडा शोधायला आत गेले. कलावतीनं देशकरांना चहाचा कप दिला. सात वर्षं तिनं या दारात लोकांना गाडी मागताना पाहिलं होतं. कसं उभं राहायचं, आधी तब्येतीचं विचारायचं, मग सहज काढल्यासारखं बोलायचं, हे सगळं तिला पाठ होतं. फक्त केलं नव्हतं. स्वतःच्या गाडीत जागा कोण मागतं?

"तब्येत बरी हाय न भाऊ?" ती म्हणाली. "नागपूरले भंडाऱ्यावरूनच जाल?"

"हो, तोच रस्ता."

"माही बहीण पवनीले राहते. तिची नजर चालली."

देशकरांनी कप खाली ठेवला. "अहो मग चला की! श्राद्ध सोमवारी आहे, उद्या घाई कसली? तुम्हाला पवनीला सोडतो, तिथून भिवापूर-उमरेड करत नागपूर गाठू. मंगळवारी येताना घेतो."

"मागं बसीन मी. मले सवय हाय."

"मागं कशाला? तुम्ही पाहुण्या. पाहुण्यानं पुढं बसायचं."

इतकं सोपं होतं ते. कलावतीला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं साखर आणखी हवी का विचारलं.

तुळशीराम दांडा घेऊन आले तेव्हा ठरून गेलं होतं. देशकर गेल्यावर ते म्हणाले, "उद्या लग्न हाय लहानूच्या घरी. तू नाही दिसली तं लोकं काय म्हणतील?"

"लोकं तुमच्या मोटारीत बसून राहतील. बोलाले कोणाले टाइम हाय?"

रविवारी उजाडता ती पुरानी बस्तीत पोचली. देशकरांनी पुढचं दार उघडून धरलं. सुमोचं ते दार तिनं सात वर्षं फडक्यानं पुसलं होतं, आत पाय मात्र पहिल्यांदाच टाकला. काच केवढी मोठी होती! रस्ता सगळाच्या सगळा समोरून तिच्याकडं येत होता. राजनांदगाव आलं, ते येण्याआधी कळलं. घाट आला, आणि ती त्याला येताना बघत राहिली. दिसेल ती पाटी ती मोठ्यांदा वाचत होती. 'सावकाश जा.' 'पुढे शाळा आहे.' 'टायर पंक्चर.' देशकर एकदा म्हणाले, "वहिनी, मी वाचतोय बरं का." ती म्हणाली, "तुम्ही रस्त्याकडं पाहा, भाऊ."

फाटा आला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, वर पक्ष्यांनी केलेली घाण, खाली बाण. पवनी. तिनं ठरवल्याप्रमाणं मोठ्यांदा वाचलं नाही. गाडी वळली.

वळताना तिनं सहज मागं पाहिलं. मधल्या सीटवर देशकरांचे मेहुणे, त्यांच्या बायका. त्यामागं पोरं. आणि अगदी शेवटी, दाराला टेकून, पायांत लाडवांचा डबा धरून देशकरांची बायको विजयाबाई. ती मागच्या काचेतून बाहेर बघत होती. निघताना ती सगळ्यांना जागा करून देत होती, एवढंच कलावतीला आठवलं. शेवटी ती कुठं बसली, हे तिनं पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं.

रमा अंगणात खाटेवर होती. कलावती जाऊन शेजारी बसली तर रमा इकडंतिकडं मान फिरवू लागली.

"बाजूचं नाही दिसत मले," रमा म्हणाली. "सामोरचं तेवढं दिसते. सामोर बस माह्या."

कलावती समोर बसली. रमानं तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि पुष्कळ वेळ बघितलं.

"म्हातारी झाली तू."

"तू नाही झाली काय?"

"मले काय माहीत? आरशात बी आता नाकच दिसते."

दोघी हसल्या. दोन दिवस कलावती बहिणीच्या समोर बसून राहिली. दळताना, निवडताना, जेवताना समोर. मंगळवारी सुमो घ्यायला आली, तेव्हा रमा म्हणाली, "पाहून घेतलं तुले. आता विसरणार नाही."

देशकरांनी पुन्हा पुढचं दार उघडलं. कलावती गाडीला वळसा घालून मागं गेली आणि विजयाबाईंच्या समोरच्या बाकावर बसली. पुढं देशकरांचा मेहुणा बसला. बसल्याबरोबर घोरूही लागला.

बराच वेळ दोघी मागं पळणारा रस्ता बघत होत्या. मग विजयाबाईंनी हळूच विचारलं, "पुढं बसून काय दिसतं हो?"

"पाट्या दिसतात."

विजयाबाईंनी डबा मांडीवर घेतला. "या गाडीचा हट्ट माझाच बरं का. माणसं यावीत घरात म्हणून. आली खरी." त्यांनी डबा उघडला. "लाडू घ्या. शेवटी आपल्यालाच संपवायचे आहेत."

दिवेलागणीला कलावती घरी पोचली. अँबेसिडर दारात उभी होती. बॉनेटवर झेंडूच्या माळेचा दोरा लोंबत होता, आणि टॉवेलांना हळद लागली होती. तुळशीराम पायरीवर बसून पाय चोळत होते.

"भेटली बहीण?"

"भेटली. दिसली बी मी तिले."

"बरं झालं." ते म्हणाले, "नऊ जण बसले होते त्याच्यात. चारच्या गाडीत नऊ! नत्थूमामा सामोर, नवरदेव त्याईच्या मांडीवर बसायचा राहिला. मी आता ठरवून टाकलं. आज आठ दिवस पुरे झाले. उद्या सुमो वापस आणतो. जशी होती तशी बरी होती."

"नका आणू."

"काहून? येवढी भरोशाची गाडी!"

"राहू द्या देशकरभाऊपाशी. आपल्याजवळ होती तं मले जागा नव्हती. त्याईच्याजवळ असली तं मले मागता येते." मग ती चप्पल काढता काढता म्हणाली, "एक सांगून ठेवा त्याईले. विजयाबाईले जवा कुठं जायचं असन, तवा गाडी आपल्याले मागाची म्हणा. पांढरी. सामोर बसवून नेऊ आपण तिले."

तुळशीरामांना यातलं अर्धंच कळलं. ते नव्या गाडीच्या मालकासारखे, म्हणजे काळजीनं, अँबेसिडरकडं बघत राहिले.

फाटक वाजलं. काठी टेकत नत्थूमामा आत आले आणि खुर्चीत बसले. गुडघा वाकला.

"तुळशीराम, दसऱ्याले किती वाजता निघायचं ठरवलं? मी सामोरच बसतो बावा, आत्ताच सांगून ठेवतो."

तुळशीरामांनी तोंड उघडलं. 'हो' म्हणायची सवय जिभेवरच होती. पण आतून कलावतीचा आवाज आला.

"मामा, पुरानी बस्तीत जाऊन विचारा. देशकरांच्या घरी. आधी तब्येतीचं विचारजा, मंग गाडीचं काढजा."